वाळूतील ठेव आणि तापणारा समुद्र

गणपतीपुळ्याला जाणाऱ्या कुटुंबांचा दिवस साधारणपणे एका ठरलेल्या क्रमाने पार पडतो. रत्नागिरीहून निघाल्यावर आरे-वारेच्या वळणावर समुद्राचे पहिले दर्शन होते. गाडी थांबते, छायाचित्रे काढली जातात. पुढे टेकडीच्या पायथ्याशी समुद्राकडे तोंड करून उभे असलेले मंदिर, त्या टेकडीलाच घातलेली प्रदक्षिणा, आंबापोळी आणि कोकमाची खरेदी, आणि ऊन उतरले की वाळूवर फेरफटका. ऊन उतरण्यापूर्वीच एखादे लहान मूल अनवाणी वाळूत शिरले, तर ते क्षणात ओल्या वाळूकडे धाव घेते. मार्च-एप्रिलच्या दुपारी कोरड्या वाळूचा चटका तळपायांना सोसवत नाही.

या चटक्याकडे आजवर कोणी फारसे लक्ष दिले नाही. पाय भाजले, पाण्यात घातले, विषय संपला. परंतु गणपतीपुळ्याला लागूनच असलेल्या, कवी केशवसुतांचे जन्मगाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालगुंडच्या किनाऱ्यावर, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील इतर अनेक किनाऱ्यांवर, दरवर्षी त्याच वाळूच्या पोटात समुद्री कासवांची अंडी उबत असतात. वाळू किती तापली, यावर त्या अंड्यांतून पिल्ले बाहेर येणार की नाही, आणि आली तर ती नर असणार की मादी, हे ठरते. समुद्र आणि वाळू यांच्या तापमानात होणारा एक-दोन अंशांचा फरक माणसाच्या ध्यानातही येत नाही. कासवाच्या वंशासाठी मात्र तो निर्णायक ठरू शकतो.

रात्रीची पाहुणी

भारताच्या समुद्रात कासवांच्या पाच जाती आढळतात. त्यांपैकी कोकणच्या किनाऱ्यावर नियमितपणे अंडी घालण्यास येणारी जात म्हणजे ऑलिव्ह रिडले. पाठीच्या कवचाचा हिरवट-करडा रंग ऑलिव्हच्या फळासारखा, म्हणून हे नाव. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन सुमारे पस्तीस ते पंचेचाळीस किलो, आणि कवचाची लांबी दोन फुटांहून थोडी अधिक. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात या कासवाचा समावेश आहे; म्हणजे वाघाला जे कायदेशीर संरक्षण आहे तेच या प्राण्यालाही आहे.

कासवाशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. महाराष्ट्रातील कितीतरी देवळांच्या सभामंडपात दगडी कासव कोरलेले असते, आणि विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रत यांचे लांछनही कासवच आहे. मात्र दगडातले कासव रोज पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी जिवंत समुद्री कासव पाहिलेले असते. त्याचे कारण सोपे आहे. मादी रात्री येते, एकटी येते आणि उजाडण्यापूर्वी निघून जाते.

थंडीच्या दिवसांत, भरतीच्या वेळी, ती लाटांबरोबर किनाऱ्याला लागते. भरतीच्या रेषेच्या वर सुकी, सुरक्षित जागा शोधते. मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी मडक्याच्या आकाराचा, सुमारे दीड फूट खोल खड्डा करते. त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते, अंगाने जागा चोपून सारखी करते आणि परत समुद्रात जाते. पुन्हा ती त्या अंड्यांकडे येत नाही. अंडी उबवण्याचे काम वाळूचे. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले कवच फोडून वर येतात आणि समुद्राच्या दिशेने चालू लागतात. त्यांतील हजारात एखादेच मोठे होऊन संतती निर्माण करण्याइतके जगते, असे मानले जाते. जे जगते, त्याला वयात यायला सुमारे दहा ते पंधरा वर्षे लागतात.

व्यवहाराच्या भाषेत सांगायचे, तर ही दीर्घ मुदतीची ठेव आहे. ठेवीदार ठेव ठेवून निघून जातो, मध्ये कोणतेही व्याज हाती येत नाही आणि मुदत संपेपर्यंत ठेवीचे काय झाले हे कळण्याचा मार्ग नसतो. अशा ठेवीची राखण करणारा विश्वासू हवा. कोकणात तो विश्वासू आधी नव्हता.

वेळासने केलेली सुरुवात

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांना ते परिचित असेल. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते समुद्र गरुडांच्या अभ्यासासाठी या भागात फिरत असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशी केली तेव्हा कळले की, घरटी सापडताच अंडी काढून खाण्याची किंवा विकण्याची रीतच पडून गेली होती. माणसाच्या हातून जी घरटी सुटत, ती कोल्हे-कुत्री उकरीत. २००२ मध्ये भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेळासच्या ग्रामस्थांना सोबत घेऊन घरट्यांचे रक्षण सुरू केले. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली.

पद्धत साधी होती, पण तिला शिस्त लागे. पहाटे अंधारात किनारा चालायचा. वाळूवर उमटलेला मादीचा माग ओळखायचा. काठीने अंदाज घेऊन घरटे शोधायचे. अंडी ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत, उलटीपालटी न करता, काही तासांच्या आत उचलायची आणि जाळीने बंदिस्त केलेल्या जागेत तशाच आकाराचा व तितक्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवायची. या जागेला सर्वत्र 'हॅचरी' म्हणतात आणि राखणदाराला 'कासवमित्र'. पूर्वी अंडी काढण्यात ज्यांचा हात बसलेला होता, त्यांच्यापैकी काहींचीच नजर आता घरटी शोधण्याच्या कामी आली.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. हॅचरीतील घरट्यावर टोपली झाकलेली असते. सकाळी आणि संध्याकाळी ती उचलून पाहतात. पिल्ले वर आली असतील, तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूवर सोडली जातात आणि दोरीमागे उभे राहून माणसे तो क्षण पाहतात. पाहुण्यांची सोय गावातल्याच घरांत होऊ लागली. घरगुती जेवण आणि मुक्काम यांतून गावाला चार पैसे मिळू लागले. जे अंडे विकून एकदाच काही रुपये हाती येत, तेच अंडे राखल्याने दरवर्षी उत्पन्न मिळू लागले. व्यापार करणाऱ्या कुटुंबांना या हिशेबाचे मर्म वेगळे सांगायला नको.

पुढे राज्याचा वनविभाग, २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या सहभागाने हे काम आंजर्ले, गुहागर, मालगुंड, गावखडी अशा किनाऱ्यांवर आणि रायगड व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतही पसरले. गणपतीपुळ्याहून उत्तरेला निघून जयगडला फेरीबोटीने खाडी ओलांडली की गुहागर तालुका लागतो. गुहागरचा सुमारे सहा किलोमीटरचा किनारा आज राज्यात कासवांच्या घरट्यांसाठी सर्वांत महत्त्वाच्या किनाऱ्यांपैकी एक मानला जातो.

वीस वर्षांत चोरीचा प्रश्न बहुतांशी मिटला. पण तो मिटत असतानाच दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढे आला. कोल्ह्याला जाळी अडवते, माणसाला कायदा अडवतो. उष्णतेला अडवणार कसे?

तीस अंशांचा काटा

माणूस, गाय, कोंबडी यांच्यात नर की मादी हे गर्भधारणेच्या क्षणीच गुणसूत्रांवरून ठरते. समुद्री कासवांत तसे नसते. त्यांच्या अंड्यात नर किंवा मादी होण्याच्या दोन्ही शक्यता खुल्या असतात आणि निर्णय घरट्याचे तापमान करते. उबवण्याच्या काळाचे तीन समान भाग केले, तर मधला भाग निर्णायक असतो. पन्नास दिवसांचा काळ धरल्यास साधारण सतराव्या दिवसापासून चौतिसाव्या दिवसापर्यंत.

या काळात घरट्यातील वाळू तीस अंश सेल्सिअसच्या आसपास राहिली, तर नर आणि मादी जवळपास सारख्या प्रमाणात निपजतात. जाती आणि प्रदेशानुसार हा काटा थोडा इकडे-तिकडे होतो. सत्तावीस अंशांच्या खाली बहुतेक पिल्ले नर होतात, बत्तीस अंशांच्या वर बहुतेक सर्व माद्या. म्हणजे पूर्ण नर आणि पूर्ण मादी यांच्यातील अंतर चार-पाच अंशांचे, एवढेच. त्याहून अधिक, चौतीस-पस्तीस अंशांपर्यंत वाळू दीर्घकाळ तापली, तर नर-मादीचा प्रश्नच उरत नाही. गर्भ अंड्यातच दगावतात. जी पिल्ले बाहेर येतात, तीही आकाराने लहान आणि चालण्या-पोहण्यात अशक्त असू शकतात. भक्षकांनी भरलेल्या किनाऱ्यावर आणि पाण्यात अशक्त पिल्लाला फारशी संधी नसते.

घरट्याचे तापमान केवळ उन्हावर अवलंबून नसते. वाळूचा रंग महत्त्वाचा. रत्नागिरी शहरालगत 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र' असे दोन किनारे वाळूच्या रंगावरूनच ओळखले जातात, आणि काळी वाळू पांढरीपेक्षा अधिक उष्णता शोषते हे कोणीही हात लावून पाहू शकतो. घरट्याची खोली, वाळूतील ओल, झाडाची सावली, रात्रीचा गारवा यांचाही वाटा असतो. शिवाय शंभराहून अधिक गर्भ एकत्र वाढत असल्याने उबवणीच्या उत्तरार्धात घरटे स्वतःच आपली थोडी उष्णता निर्माण करते.

यात ऋतूचा भाग सर्वांत मोठा आहे. कोकणात अंडी घालण्याचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा धरला जातो. डिसेंबरातील घरटे जानेवारीच्या गारव्यात उबते. मार्चमधील घरटे एप्रिल-मेच्या उन्हात. आधीची घरटी नरांची बाजू राखतात आणि नंतरची माद्यांची, असा एक नैसर्गिक समतोल हंगामाच्या लांबीतच दडलेला आहे. अलीकडच्या अनेक हंगामांत मात्र कोकणात घरटी उशिरा सुरू होऊन उशिरापर्यंत चालल्याचा अनुभव कासवमित्रांना आणि वनविभागाला येत आहे. पिल्ले सोडण्याचे काम मे महिन्यापर्यंत लांबते. हंगाम असा उन्हाळ्याकडे सरकला, की समतोलाचे पारडेही त्याच बाजूला झुकणार.

त्यात थंडीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर हवामान खात्याला कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. आंब्याच्या बागाईतदारांना अशा अवकाळी उष्म्याचा अर्थ लगेच कळतो. मोहोर गळतो, कैरी भाजते आणि त्याचा परिणाम त्याच वर्षीच्या पेटीच्या भावात दिसतो. कासवाच्या घरट्यातील नुकसान मात्र त्या वर्षी दिसत नाही.

समुद्रालाच ताप

वाळू तापण्यामागे समुद्राचे तापणे आहे. पृथ्वीभोवतीच्या हरितगृह वायूंमुळे जी अतिरिक्त उष्णता अडकून राहते, तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र शोषून घेतो. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी एक अंशाने वाढले. याच काळातील जागतिक सरासरी वाढ ०.७ अंश होती. आपल्या दारातला समुद्र जगाच्या सरासरीहून अधिक वेगाने तापत आहे, असा त्याचा सरळ अर्थ. समुद्र तापला की किनाऱ्यावरच्या रात्रीही उबदार राहतात आणि दिवसभर तापलेली वाळू निवायला वेळ मिळत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी समुद्रातील उष्णतेच्या लाटांचा अभ्यास केला आहे. जमिनीप्रमाणे समुद्रातही काही दिवस किंवा काही आठवडे पाण्याचे तापमान नेहमीपेक्षा बरेच चढलेले राहते. १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात अशा ६६ लाटांची नोंद या अभ्यासात झाली आणि त्यांचे प्रमाण दर दशकागणिक वाढत असल्याचे दिसून आले.

याचा परिणाम कासवाच्या साऱ्या आयुष्यावर होतो. कासव शीत रक्ताचा प्राणी. त्याच्या शरीराची गती भोवतालच्या पाण्यावर चालते. एकदा अंडी घातल्यानंतर पुन्हा अंडी तयार होण्यास किती दिवस लागतील, हे पाण्याचे तापमान ठरवते. खेकडे, कोळंबी, जेलीफिश, लहान मासे हे ऑलिव्ह रिडलेचे अन्न. पाणी तापले की अन्नाच्या जागा बदलतात. इतर जातींची अवस्था अधिक नाजूक आहे. हिरवे कासव समुद्री गवतावर जगते, तर हॉक्सबिल जातीचे कासव प्रवाळांच्या आश्रयाने राहते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी पाण्याच्या उष्णतेमुळे प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळ मेले की त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या जिवांचे घरच मोडते.

कासवांना आपल्या नकाशावरील सीमा ठाऊक नसतात, हेही लक्षात घ्यायला हवे. २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन कक्ष यांनी वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथे पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रे बसवली. पहिलीला 'प्रथमा' हे नाव मिळाले. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' दक्षिणेला श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. दोन किनाऱ्यांमधील सागरी अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरातले आहे. ओडिशात ऋषिकुल्येच्या मुखाशी २०२५ च्या फेब्रुवारीत काही दिवसांत जवळपास सात लाख कासवांनी अंडी घातली. त्या अफाट गर्दीचा आणि मालगुंडच्या एकट्या मादीचा समुद्र एकच आहे.

वाळूच राहिली नाही तर

तापलेला समुद्र वादळांना बळ देतो. अरबी समुद्र पूर्वी शांत समजला जाई. वर्षाला सरासरी एखादे चक्रीवादळ. २०१९ या एकाच वर्षात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळे तेथे झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते कोकणाला घासून गुजरातकडे गेले. घरांची छपरे आणि नारळी-पोफळीच्या बागा यांचे नुकसान सर्वांनी पाहिले. किनाऱ्याच्या वाळूचे नुकसान तितके डोळ्यांत भरले नाही. वादळी लाटा वाळू ओढून नेतात, किनाऱ्याचा उतार बदलतात आणि जिथे मादी घरटे करीत असे, तिथे उभी कड तयार होते. मादी ती चढू शकत नाही.

समुद्राची पातळीही चढत आहे. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१७ या काळात ती दरवर्षी सुमारे ३.३ मिलिमीटर वाढली. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु सपाट किनाऱ्यावर पाण्याची पातळी बोटभर वाढली, तरी भरतीची रेषा बरीच आत सरकते. आत सरकलेल्या रेषेच्या मागे पूर्वी मोकळी वाळू असे. आता कोठे धूपप्रतिबंधक बंधारा असतो, कोठे सुरूची दाट लागवड, कोठे हॉटेलचे कुंपण. किनाऱ्याला मागे सरकायला जागाच उरत नाही. घरटे भरतीच्या पाण्यात बुडाले, तर अंड्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला. हंगाम एका बाजूने लांबतो आणि पाऊस दुसऱ्या बाजूने अलीकडे येतो, अशा कात्रीत शेवटची घरटी सापडतात.

आकडा मोठा, पण कशाचा?

दर हंगामाच्या शेवटी किती घरटी राखली आणि किती पिल्ले समुद्रात सोडली, याचे आकडे वृत्तपत्रांत येतात. ते वाढत असतात आणि त्यामागे शेकडो रात्रींचे जागरण असते. त्याचे मोल कमी नाही. तरीही ज्याने ताळेबंद वाचला आहे, तो एक प्रश्न विचारील: एकूण येणे किती हे ठीक, त्यातील वसूल होणारे किती? आज सोडलेल्या पिल्लांत नर किती आणि माद्या किती, हे बाहेरून पाहून कळत नाही. शरीरातील ग्रंथींची तपासणी केल्याशिवाय ते समजत नाही. सर्वच पिल्ले माद्या असतील, तरी सोडण्याच्या दिवशी आकडा तेवढाच भरेल आणि टाळ्याही तेवढ्याच वाजतील. चूक लक्षात येईल ती दहा-पंधरा वर्षांनी, जेव्हा माद्या किनाऱ्यावर येतील आणि त्यांची अंडी फळणार नाहीत.

ही भीती कल्पनेतली नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेस रेन बेट आहे. हिरव्या कासवांचे जगातील सर्वांत मोठ्या वीणस्थळांपैकी एक. तेथील कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढ कासवांत माद्यांचे प्रमाण सुमारे ८७ टक्के होते, तर लहान वयाच्या कासवांत ते ९९ टक्क्यांहून अधिक निघाले. जितकी पिढी नवी, तितके नर कमी. दक्षिणेकडील तुलनेने थंड किनाऱ्यांवर जन्मलेल्या कासवांत माद्या ६५ ते ६९ टक्के होत्या. समुद्र एकच, जात एकच. फरक वाळूच्या उबेचा.

येथे घाबरून जाण्याचेही कारण नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि नर माद्यांपेक्षा अधिक वेळा प्रजननात भाग घेतात. त्यामुळे माद्या काही प्रमाणात जास्त असणे वंशाला हानिकारक नसते. या प्राण्याच्या पूर्वजांनी दहा कोटींहून अधिक वर्षांत किती तरी उष्ण आणि शीत कालखंड पाहिले आहेत. त्या बदलांना हजारो वर्षे लागली, म्हणून कासवांना किनारे बदलायला आणि हंगाम हलवायला अवधी मिळाला. आज तोच बदल एका माणसाच्या आयुष्यात होत आहे. पंधरा वर्षांनी वयात येणाऱ्या प्राण्याला इतक्या अवधीत फार तर चार-पाच पिढ्या मिळतात.

सावली, पाणी आणि नोंद

उपाय अगदीच नाहीत असे नाही. हॅचरीवर हिरवी जाळी ताणून सावली केली की वाळूचे तापमान उतरते. घरटी फार दाटीने न ठेवता त्यांच्यात अंतर राखले की उष्णता साचत नाही. काळजीपूर्वक पाणी शिंपडल्यानेही वाळू निवते. मात्र पाणी अधिक झाले तर अंडी बिघडतात, म्हणून हे काम जाणकाराच्या सल्ल्यानेच करावे लागते. शक्य तेथे घरटे मूळ जागीच राखणे हाही एक मार्ग आहे, कारण उन्हातली, सावलीतली, ओलसर, कोरडी अशी निरनिराळी घरटी असली, तर निसर्गाचा समतोल आपोआप थोडा राखला जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नोंदीची. घरट्यात ठेवता येणारी तापमाननोंदीची लहान यंत्रे उपलब्ध आहेत. कोणत्या तारखेचे घरटे, किती खोल, किती तापले, किती दिवसांत फळले, याची वही वर्षानुवर्षे नीट ठेवली गेली, तर नर-माद्यांच्या प्रमाणाचा अंदाज पिल्लांना हात न लावता बांधता येतो. पिल्ले नेहमीपेक्षा लवकर बाहेर येऊ लागली, तर वाळू अधिक तापल्याची ती पहिली खूण असते. हिशेबाची वही चोख ठेवणाऱ्या समाजाला या कामाचे महत्त्व पटण्यास वेळ लागू नये. एखाद्या किनाऱ्यावरील सावलीच्या जाळीचा, तापमापकांचा किंवा कासवमित्राच्या हंगामी मानधनाचा भार उचलणे हे अनेक कुटुंबांच्या आणि मंडळांच्या आवाक्यातले दान आहे. ते वनविभागाच्या किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या मार्फतच द्यावे, म्हणजे काम शास्त्रशुद्ध होईल.

मच्छीमारांच्या बाबतीत राज्य सरकारने डिसेंबर २०१८ पासून एक समंजस योजना राबवली आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन यांसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळे म्हणजे मच्छीमाराचे भांडवल. त्याचे नुकसान भरून देऊन प्राणी वाचवण्याची ही पद्धत उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडते.

पर्यटक म्हणून जाणाऱ्यांनाही काही करता येण्यासारखे आहे. नोव्हेंबर ते मे या काळात रात्री किनाऱ्यावर विजेरी किंवा भ्रमणध्वनीचा प्रकाश टाकू नये. उजेड पाहून मादी अंडी न घालता परत फिरते आणि पिल्ले समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. किनाऱ्यालगत ज्यांची हॉटेले किंवा विश्रामगृहे आहेत, त्यांनी समुद्राकडचे दिवे या काळात मंद ठेवावेत किंवा झाकावेत. वाळूवर वाहने नेऊ नयेत. मुलांनी खेळताना केलेले खड्डे बुजवावेत, कारण अंगठ्याएवढ्या पिल्लाला तो खड्डा दरीसारखा असतो. पिल्लू उचलून पाण्यात सोडण्याचा मोह टाळावा. वाळूवरची ती थोडी चाल त्याला आवश्यक असते. संकटात सापडलेले कासव दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

या उपायांनी समुद्राचा ताप उतरणार नाही. तो उतरवण्याचे काम जगाच्या ऊर्जेच्या वापराशी जोडलेले आहे, आणि आपल्या दुकानातील, कारखान्यातील व घरातील विजेचे बिल हा त्याच हिशेबाचा एक बारीक भाग आहे. सावलीची जाळी एवढेच करते की, मोठा बदल घडून येईपर्यंत थोडा अवधी मिळवून देते.

वेळासला २००२ मध्ये राखलेल्या घरट्यांतील ज्या पिल्लांनी तग धरला, ती आता वयात आलेली आहेत आणि कोकणच्या रात्रींत अंडी घालण्यास येणाऱ्या माद्यांत त्यांपैकी काही असणे अगदी शक्य आहे. ती ठेव मुदतीअंती परत आली, कारण कोणीतरी पहाटे उठून ती राखली होती. यंदा मालगुंडच्या वाळूतून निघणारी पिल्ले २०४० च्या सुमारास परततील. त्यांत नर पुरेसे असतील की नाही, हे येत्या काही उन्हाळ्यांत त्या दीड फूट वाळूवर सावली धरली जाते की नाही, यावर अवलंबून आहे.